कामवेंडो मास्तरांचं मयत

कामवेंडो मास्तरांच्या घरी पुस्तकं किती, असं विचारू नये. माणसं किती, असं विचारावं. त्याचं उत्तर सोपं आहे, दोन. एक मास्तर आणि एक त्यांची बायको एनेलेसी. बाकी सगळी जागा पुस्तकांची. पलंगाखाली पुस्तकं, पलंगावर मास्तरांच्या पायाशी पुस्तकं, स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाच्या डब्यामागे पुस्तकं. घर कुठल्याशा जुन्या गोऱ्या साहेबाचं, त्यामुळे न्हाणीघरात एक लांबलचक टब होता. नळाला पाणी येईनासं झालं तेव्हा मास्तरांनी त्यात इतिहास भरला. एनेलेसी शेजारी बसून बादलीने आंघोळ करायची, आणि इतिहासावर शिंतोडे उडू नयेत म्हणून मास्तर दाराबाहेरून "जरा सांभाळून" असं सांगत राहायचे. मुलीची, ताडालाची, खोली तर तिची वरात ब्लांटायरला पोचायच्या आत भरली होती.

बरं, ही पुस्तकं आली कुठून? विकत घेतली म्हणाल तर शिक्षकाच्या पगारात काय येतं. ती मेलेल्यांची होती. आमच्या झोम्बा गावात कोणी शिकलेला माणूस गेला की घरच्यांत वाटण्या व्हायच्या. सायकल भाच्याला, कोट भावाला, कोंबड्या बहिणीला. पुस्तकांना कोणी हात लावत नसे. मेलेला माणूस कपड्यांसाठी परत येत नाही, पण अर्धवट वाचलेल्या पुस्तकासाठी येतो, असं काही लोक म्हणायचे. जे असं म्हणत नसत, तेही पुस्तकं नकोच म्हणायचे. मग ती बिचारी विधवा मास्तरांना निरोप धाडायची आणि मास्तर हातगाडी घेऊन हजर व्हायचे. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर जुन्या मालकाचं नाव असायचं.

"घरात आपण दोघं," एनेलेसी म्हणायची, "आणि नावं बघा किती. एखाद्या दिवशी हजेरी घेतलीत ना, तर सगळे 'हजर' म्हणतील."

त्यात आवाज यायला लागला. चिपेरोनीचे दिवस होते. डोंगरावरून ते ओलं, गार धुकं उतरतं आणि सगळी वस्ती गपगार होऊन बसते, तेव्हा ताडालाच्या खोलीतून ऐकू यायचं. कोणी नखाने पुठ्ठ्यावर वाजवावं तसं, टक टक टक. मग थांबायचं. मग समोरच्या भिंतीकडून त्याला उत्तर यायचं. मास्तर दारात जाऊन उभे राहिले की सगळं चिडीचूप. मास्तर विज्ञान मानणारा माणूस. त्यांनी एकदा घसा खाकरून "कोण आहे तिकडे" असं विचारलंसुद्धा. उत्तर आलं नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

वाळवी होती ती, दुसरं काय. डोकं आपटून एकमेकींना इशारे करते; मास्तरांनी हे जन्मभर पोरांना शिकवलेलं. पण फळ्यावर काढलेली वाळवी वेगळी आणि अंधाऱ्या खोलीत आपल्याशी न बोलता आपापसांत बोलणारी वाळवी वेगळी.

अशात निरोप आला की ताडाला बाळाला घेऊन शनिवारी माहेरी येते आहे.

"ताडालाचे बाबा," एनेलेसी म्हणाली, "शनिवारच्या आत ती खोली मला रिकामी हवी."

"अगं, एकदम रिकामी म्हणजे..."

"रिकामी म्हणजे रिकामी. माझं नातवंड मेलेल्यांच्या नावांत झोपणार नाही. तुमच्याने होत नसेल तर सांगा. बाजारात मंडासीची गोड भजी तळणाऱ्या बायका पुड्या बांधायला कागद मागतच असतात. एका फेरीत निकाल लावते सगळा."

ती लावेल, यात मास्तरांना शंका नव्हती. आपल्या दिवंगत मित्रांचं तत्त्वज्ञान तेलकट होऊन चार-चार मंडासी गुंडाळून गावभर फिरतंय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि ते अर्ध्या ताटावरून उठले.

ते आधी वाचनालयात गेले. पुस्तकं फुकट घ्या म्हणाले. तिथले साहेब म्हणाले, घेऊ की, आनंदाने घेऊ, पण दान स्वीकारायला समिती लागते. समिती कुठे आहे? नेमायची आहे. कधी नेमणार? अध्यक्ष मिळाले की. आधीच्या अध्यक्षांचं काय झालं? वारले.

"हो, त्यांची पुस्तकं माझ्याकडेच आहेत," मास्तर म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे जरा बघितलं आणि खुर्ची हळूच मागे सरकवली. मास्तरांना हे लागलं. आपण पुस्तकं गोळा करतो, माणसं नाही, हे स्पष्ट करून सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोवर साहेब जेवायला निघून गेले होते.

राहिले शेजारी, आणि सल्ला द्यायला त्यांना समिती लागत नाही. डावीकडचे सिंगिनी, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, "रॉकेल. भरपूर. आमच्या पोस्टात आम्ही तेच करायचो." पोस्टात त्यामुळे पत्रांना वर्षभर वास येत होता हे ते बोलले नाहीत. उजवीकडच्या अमायी नांगोंडो चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख. कुठल्याही मयताला घरच्यांच्या आधी पोचणारी बाई. त्या म्हणाल्या, "रॉकेलने काय होतंय? तंबाखूची पूड टाका आणि वरून घट्ट झाका. दम कोंडला पाहिजे."

"कोणाचा?" मास्तरांनी विचारलं.

"वाळवीचा हो. आणि त्या खोलीत आणखी कोणी असेल, तर त्याचाही."

मास्तर सज्जन. त्यांनी कोणालाच नाराज केलं नाही. रॉकेलही आणलं आणि तंबाखूही.

शुक्रवारी सकाळी एनेलेसी डोमासीला बहिणीकडे गेली, बाळासाठी दुपटी आणायला. ती वळणापलीकडे गेली आणि मास्तरांनी बाह्या सरसावल्या. पुस्तकं पसरायला जागा हवी, म्हणून बसायच्या खोलीतला सोफा, खुर्च्या, टेबल, रेडिओ, झाडून सगळं अंगणात काढलं. सोफ्याच्या वाटेत पेरूच्या फांद्या येत होत्या, त्या तोडल्या आणि ओढत नेऊन रस्त्याच्या कडेला टाकल्या. रिकाम्या खोलीत मधोमध चटई अंथरली. ताडालाच्या खोलीतली, वाळवीचा संशय असलेली पुस्तकं आणून तिच्यावर रचली. चटई लांबट, म्हणून ढीग लांबट. जाडजूड शब्दकोश मध्यभागी आले, म्हणून तिथे जरा उंच. रॉकेल शिंपडलं, तंबाखू भुरभुरली आणि एनेलेसीच्या पेटीतली पांढरीशुभ्र चादर काढून सगळीकडून नीट खोचून घातली. मग वास जावा म्हणून पुढचं दार सताड उघडं टाकलं आणि खऱ्या औषधासाठी शेतकी कचेरीची वाट धरली.

आता आमच्याकडे घरात कोणी गेलं की काय करतात? बसायच्या खोलीतलं सामान अंगणात काढतात, बायकांना मृताभोवती जमिनीवर बसता यावं म्हणून. रस्त्यावर फांद्या टाकतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू व्हाव्यात म्हणून. हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या निबंधांतल्या चुका तांबड्या शाईने गोल करून दाखवल्या, त्याने स्वतःच्या अंगणात एवढं मोठं वाक्य लिहून ठेवलं आणि एकदाही वाचून पाहिलं नाही.

शेतकी कचेरीत कळलं की औषधासाठी शिफारस लागते आणि शिफारशीसाठी वाळवीचा नमुना. सुदैवाने मास्तरांच्या बाहीत एक सापडली. अधिकाऱ्याने ती भिंगाखाली उलटसुलट पाहिली.

"ही एकटीच आहे. वसाहत आहे याला पुरावा काय?"

"माझं घर," मास्तर म्हणाले.

"घर इथे आणावं लागेल किंवा आमच्या माणसाला तिथे यावं लागेल. आमचा माणूस मयताला गेलाय. डोंगराखालीच कोणी तरी वारलंय म्हणे आज."

रिकाम्या हाताने मास्तर निघाले तेव्हा दुपार कलली होती आणि धुकं इतकं उतरलं होतं की स्वतःचे बूट दिसेनात. केसांत पुस्तकांची धूळ, अंगाला रॉकेलचा दर्प, मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. मागून पावलं यायला लागली. बायका डोक्यावर पिठाची भांडी आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन एकेक करून धुक्यातून बाहेर यायच्या आणि पुढे धुक्यातच जायच्या. सायकलवाले खाली उतरून चालत होते. मयत आपल्याच बाजूला आहे, हे मास्तरांनी ओळखलं. रीत म्हणून टोपी काढून हातात घेतली आणि गुपचूप त्यांच्यात चालू लागले. कोण गेलं, हे रस्त्यात विचारणं बरं दिसत नाही.

लोक ज्या वळणाला वळले तिथेच मास्तरांना वळायचं होतं. लोक ज्या फांद्यांपाशी थांबले, त्या पेरूच्या होत्या. अंगणात सोफा भिजत होता आणि घरातून बायकांचं रडणं येत होतं.

मास्तरांच्या मनात स्वतःचं मयत कसं येणार? स्वतः ते चांगले उभे होते. त्या घरात दोनच माणसं. एक इथे आहे, म्हणजे गेली ती एनेलेसी.

ते जमिनीवर बसलेल्या पुरुषांत मटकन खाली बसले. शेजारी सिंगिनी होते. चष्म्यावर धुकं, मान खाली. मयतात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

"असं माणूस पुन्हा मिळायचं नाही," सिंगिनी पुटपुटले.

"काय... कशाने?"

"पुस्तकांनी नेलं. घरभर रॉकेलचा वास मारतोय. दम कोंडला असणार. कोणाचं ऐकेल तर शपथ. आता बोलून काय उपयोग."

 ती लवकर परतली असणार. खोलीत शिरली असणार, आणि रॉकेल आपणच ओतलं होतं. बादलीशेजारी अंग चोरून बसलेली एनेलेसी त्यांना दिसली आणि दाराबाहेरचा स्वतःचा आवाज ऐकू आला. कोणाला सांभाळायला सांगत होतो आपण, आणि कोणासाठी? त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली. ते उठले आणि तडक घरात शिरले. बायका बसल्या असताना पुरुषाने तिथे जायचं नसतं, पण त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.

आत धुकं शिरलं होतं. भिंतींना टेकून पदराआडची डोकी, मधोमध ती पांढरी, लांब आकृती, आणि सगळ्यांवर अमायी नांगोंडोंचा खणखणीत आवाज, भजन सांगणारा. आपणच घातलेली चादर मास्तरांना ओळखू आली नाही. एनेलेसी गेली हे एकदा मनाने घेतलं होतं, आता डोळे त्याच्यापुढे काही बघायला तयार नव्हते. ते चादरीपाशी गुडघ्यांवर कोसळले.

"ताडालाची आई, माझ्या हातून झालं गं. सगळी काढून टाकतो. एकूण एक. तू फक्त ऊठ."

जवळच्या बाईचं भजन थांबलं. मग तिच्या शेजारणीचं. एकेक आवाज गळत गेला. अमायी नांगोंडो डोळे मिटून एकट्याच गात राहिल्या. मग त्यांनी डोळे उघडले, पुढ्यातला धुळीने पांढरा झालेला मनुष्य पाहिला, ओळ पूर्ण केली, कारण भजन अर्ध्यावर सोडणारी ती बाई नव्हे, आणि मग शेजारणीच्या मांडीवर हळूच कलंडल्या.

"ताडालाचे बाबा?"

आवाज कोपऱ्यातून आला. मास्तरांनी मान वळवली. कोपऱ्यात, दोन बायकांनी धरलेली, सुजल्या डोळ्यांची एनेलेसी बसली होती. डोमासीहून दुपटी घेऊन आली ती स्वतःच्या दारातल्या रडण्यात. कोणी तिला काही सांगितलं नाही, कारण घरच्या बाईला काय सांगायचं? चादर काढू नये, असं वस्तीच्या मुखियांनी बजावलं होतं. न्चेऊहून मास्तरांच्या बहिणीकडची माणसं आल्याशिवाय मृताचं तोंड उघडायचं नाही. पुढे ती म्हणायची, बजावलं नसतं तरी मी काढली नसती. जोवर ती चादर होती तोवर थोडी आशा होती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि दोघांनाही समोर भूतच दिसत होतं. जिवंत कोण, हे खोलीतल्या कोणालाच छातीठोक सांगता आलं नसतं. शेवटी एनेलेसी गुडघ्यांवर सरकत आली, तिने नवऱ्याची बाही नाकाला लावली, आणि मग सगळ्या ताकदीनिशी त्यांना चिमटा काढला.

"आई गं," मास्तर विव्हळले.

"तुम्ही इथे," ती अगदी सावकाश म्हणाली. "मी इथे. मग हे कोण आहे?"

सगळ्यांचे डोळे चादरीकडे गेले. आणि त्याच वेळी, पायाकडच्या बाजूला, चादर हळूहळू खाली बसली.

खोली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. दार अपुरं पडलं म्हणून काही बायका खिडकीतून गेल्या. अमायी नांगोंडोही शुद्धीवर येऊन गेल्या. मास्तर स्वतः उंबऱ्यापर्यंत पोचले होते, मग त्यांना आठवलं. "पुस्तकं आहेत ती," ते म्हणाले, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

शेवटी वस्तीचे मुखिया, म्फुमू काचेरे, काठी टेकत आत आले. त्यांनी काठीच्या टोकाने चादर बाजूला केली. पुस्तकंच होती. बाहेरच्या पुरुषांत कोणी तरी खुसखुसलं. म्फुमूंनी वरचं पुस्तक उघडलं. पहिलं पान होतं, त्यावर नाव होतं, आणि त्याच्या पुढे कागद नव्हता. तांबडी माती होती, ओली, आणि हलत होती. त्यांनी दुसरं उघडलं. नाव, आणि माती. तिसरं उघडलं. तिथेही नाव शाबूत आणि आत माती. मग खुसखुसणं थांबलं. सकाळी उचलताना पुस्तकं जड लागली, तेव्हा मास्तरांना केवढा अभिमान वाटला होता.

तेवढ्यात अझुकुलू आले. कबर खणणारी ही मंडळी आमच्याकडे कोणाच्या बापाला भीत नाहीत. कुदळी खांद्यावर टाकून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "झाली तयार. आता आमच्या हक्काची कोंबडी कुठे आहे?"

"खणली?" म्फुमू म्हणाले. "उद्या खणायची होती."

"माती मऊ होती. यांच्या मापाने खणलीय, ऐसपैस."

हे वाईट झालं. उघडी कबर रात्रभर रिकामी ठेवत नाहीत, ती आपणहून कोणाला तरी बोलावून घेते. जमलेले सगळे मास्तरांकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" मास्तर म्हणाले. स्वतःच्याच अंगणात आपण जिवंत असणं इतकं गैरसोयीचं ठरावं, याचं त्यांना वाईट वाटलं.

"अशा वेळी केळीचा खुंट पुरतात," सिंगिनींनी सुचवलं.

"खुंटासाठी कोणी रडलं नाही," म्फुमू म्हणाले. "ज्याच्याभोवती रडणं झालं, तेच पुरायचं."

"एवढ्याने अर्धीसुद्धा भरायची नाही," म्होरक्या ढिगाकडे बघून म्हणाला.

मास्तरांनी एनेलेसीकडे पाहिलं.  चादरीपाशी ते काय म्हणाले होते ते तिने ऐकलं होतं, आणि आपण ऐकलंय हे तिने डोळ्यांनी कळू दिलं. मास्तर आत गेले. पलंगाखालून काढलं, पिठाच्या डब्यामागून काढलं, आणि टबातला इतिहास त्यांनी स्वतःच्या हाताने उपसला.

आमच्या दफनभूमीतली झाडं कोणी तोडत नाही, त्यामुळे तिथे भर दिवसाही अंधार असतो, आणि त्या दिवशी वर धुकंही होतं. पुस्तकं चादरीतून खाली सोडली. सिंगिनींनी खिशातून भाषण काढलं.

"आता कशाला?" मास्तर म्हणाले.

"दुपारभर बसून जुळवलंय. तुम्ही जिवंत निघालात त्यात माझा काय दोष?" असं म्हणून त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. दिवंगत मास्तर विद्वान होते, पण शिडी उसनी नेली तर परत करत नसत. स्वभावाबद्दल बोलण्याची ही वेळ नव्हे. मास्तर कडेला उभे राहून ऐकत होते, आणि लोक अधूनमधून हळहळत होते.

सुताराने क्रूससुद्धा रंगवून आणला होता. 'फायसन कामवेंडो'. अक्षर सुरेख होतं. कबरीसाठी लिहिलेलं नाव परत घरी नेत नाहीत, असं म्फुमू म्हणाले, आणि क्रूस मातीत रोवला गेला. लोक एकेक करून निघाले, मागे वळून न बघता. जाताना त्यांनी मास्तरांचा निरोप घेतला नाही. कोणता घ्यावा, हे बहुधा त्यांना सुचलं नसावं.

एनेलेसी गेली नाही. ती क्रूसासमोर ओल्या मातीत बसली होती आणि हंबरडा फोडून रडत होती.

"अगं, पुस्तकं आहेत ती," मास्तर म्हणाले. "मी हा इथे उभा आहे."

"माहीत आहे मला." तिने वर बघितलंसुद्धा नाही. "दुपारपासून रडतेय तुमच्यासाठी. तुम्ही दारात उभे राहिलात म्हणून ते एकदम कसं थांबेल? संपेल तेव्हा संपेल. बसायचं तर बसा, पण मधे बोलू नका."

मास्तर बसले. पुढ्यात त्यांचं नाव होतं, पलीकडे धुकं होतं. थोडा वेळ ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचेही खांदे हलू लागले.

तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही आता कोणासाठी रडताय? त्या पुस्तकांसाठी?"

"तुझ्यासाठी," मास्तर म्हणाले. "माझंही रडणं अर्धंच राहिलंय."

एनेलेसीने जरा सरकून त्यांना जागा करून दिली.